शहरातली झाडं आणि शहराला लागून असलेलं रान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या शहरांत राहणाऱ्यांसाठी आहे. सोसायटीच्या कमिटीत झाडांवरून वाद चाललाय, रस्त्यासाठी समोरचा वड जाणार असं कळलंय, किंवा येत्या पावसाळ्यात चार रोपं लावायची आहेत, अशांसाठी. फायदे आणि कामाची माहिती एकत्रच दिली आहे, कारण फायदा मिळतो तो जगलेल्या, मोठ्या झालेल्या झाडापासून. लावलेल्या रोपांच्या आकड्यातून काही मिळत नाही.

झाडाखाली गार वाटतं ते फक्त सावलीमुळे का?

निम्मं काम सावलीचं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उन्हातलं डांबर ६० अंशांच्या वर जाऊ शकतं आणि तीच उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहतं. सावलीतला रस्ता मुळात तापतच नाही. रात्री उकाडा कमी होत नाही, ही शहरी उन्हाळ्याची खरी तक्रार आहे आणि तिचं मूळ या तापलेल्या सिमेंट-डांबरात आहे.

बाकीचं काम पानांतून उडणाऱ्या पाण्याचं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट (विजेच्या बिलात असतं तेच युनिट) उष्णता लागते. मुळांना भरपूर पाणी मिळत असेल तर मोठं झाड दिवसाला १०० लिटर पाणी सहज बाहेर सोडतं, म्हणजे ६८ युनिट उष्णता शोषून घेतं. दीड टनाचा एसी तासाला साधारण ५.३ युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो. हिशोब केला तर असं एक झाड म्हणजे सुमारे १३ तास चाललेला एसी, आणि शिवाय एसी मागच्या बाजूने गल्लीत गरम हवा फेकतो, झाड फेकत नाही.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. नागपूर, अकोला, जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पाने गारवा चांगला येतो, पण जमिनीत ओल असेल तरच. तहानलेलं झाड पानांची छिद्रं मिटून घेतं. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत बाष्पाचा परिणाम मर्यादित, तिथे भर सावलीवर द्यावा.

झाडं ऑक्सिजन देतात म्हणूनच लावायची ना?

हे कारण सगळ्यात जास्त सांगितलं जातं आणि सगळ्यात कमकुवत आहे. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आहे आणि शहरात झाडं कमी झाली म्हणून तो संपत नाही. शिवाय वाढ पूर्ण झालेलं जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं, जवळपास तेवढाच श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात वापरला जातो. सभेत हा मुद्दा मांडला की समोरचा तज्ज्ञ तो सहज खोडतो आणि बाकीचे खरे मुद्देही त्याबरोबर बुडतात. उष्णता, पाणी, सावली आणि जमीन धरून ठेवणं यांवर बोला.

एक झाड किती कार्बन साठवतं?

लाकडाच्या कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. ज्या झाडाचं कोरडं वजन ५०० किलो, त्यात २५० किलो कार्बन, म्हणजे हवेतून ओढून घेतलेला सुमारे ९१७ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो बाहेर पडतो. म्हणजे एवढं वाढायला काही दशकं घेणारं झाड सुमारे ४०० लिटर पेट्रोलची भरपाई करतं. एक गाडी तेवढं पेट्रोल वर्षभरात सहज संपवते.

म्हणून शहरातल्या झाडांनी हवामानबदल थांबेल असं म्हणू नये. शहराला येणारी उष्णतेची लाट आणि मुसळधार पाऊस सोसायला ती मदत करतात, हा त्यांचा मोठा उपयोग. आणि ५० वर्षांचं झाड तोडून त्याजागी ५० रोपं लावली तर कार्बनचा हिशोब त्या दिवशी तोट्यात जातो. ती रोपं जगली तरच पुढे कधीतरी तो भरून निघतो.

मग हवेतली धूळ?

खरखरीत, लवदार पानांवर धूळ बसते आणि पावसात धुऊन जाते, एवढं खरं. पण अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे वर एकमेकांना भिडले असतील आणि खाली वाहनांची रांग असेल, तर धूर खालीच कोंडतो. अशा ठिकाणी रस्ता आणि फूटपाथ यांच्यामध्ये दीड-दोन मीटर उंचीचं दाट झुडपांचं कुंपण जास्त कामाचं.

पूर रोखायला झाडांचा उपयोग होतो?

मर्यादेत होतो. १० मीटर व्यासाचा पर्णसंभार जमिनीचा सुमारे ७८ चौरस मीटर भाग झाकतो. पावसाचा पहिला एक-दोन मिलिमीटर पानांवर अडकला तर ८० ते १५० लिटर पाणी गटारात जायचं थांबतं. त्याहून महत्त्वाची आहे ती बुंध्याभोवतीची मोकळी, भुसभुशीत जमीन. मुळांनी केलेल्या वाटांतून पाणी तिथे खोल मुरतं. पेव्हर ब्लॉकवरून ते थेट नाल्यात जातं.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढं पाणी कुठलंही रान पोटात घेत नाही. पण झाडोरा असलेला उतार पाणी उशिरा आणि गाळ न आणता सोडतो, उघडा डोंगर ते एकदम सोडतो. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की ते पाणी मिठी नदीत येतं. म्हणून या तलावांभोवतीच्या बोरिवलीच्या रानाचा, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, प्रश्न हा कुर्ला-कलिनातल्या रहिवाशांचाही प्रश्न आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारखं रान आणि शहरातल्या बागा यांत फरक काय?

बाग आपण पाणी घालून जगवतो. रान आपल्याला पाणी देतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात तुळशी आणि विहार हे मुंबईला पाणी देणारे दोन तलाव आहेत. ते लहान आहेत, पण भातसा, तानसा, वैतरणा या मोठ्या धरणांचं गणितही तेच: भोवतालचं जंगल गाळ अडवतं आणि धरण लवकर भरून निकामी होत नाही. रानात खालपासून वरपर्यंत थर असतात: गवत, झुडपं, वेली, मधली झाडं, उंच झाडं आणि जमिनीवर कुजणारा पाला. बागेत हिरवळ आणि खांबासारखी उभी झाडं, मधलं काहीच नाही. हिरव्या रंगाचं क्षेत्रफळ सारखं दिसलं तरी दोन्ही एक नव्हेत.

कांदळवन म्हणजे चिखल आणि डास. ते राखून काय मिळतं?

भरतीचं पाणी आत येताना तिवरांच्या खोडा-मुळांत त्याचा जोर मोडतो, गाळ तिथेच बसतो, आणि मासे, खेकडे, कोळंबी यांची पिल्लं तिथे वाढतात. कोळी बांधवांना हे सांगावं लागत नाही. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी टोकं ही तिवरांची श्वास घेणारी मुळं. त्यांवर राडारोडा टाकला किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की कुऱ्हाड न लावता कांदळवन मरतं, आणि बरेचदा ते असंच मारलं जातं. डास होतात ते साचून राहिलेल्या पाण्यात. रोज भरती-ओहोटी खेळणाऱ्या जागेत ते फारसे वाढत नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुढे २०१८ च्या निकालात कांदळवन तोडीवर बंदी घातली. वन खात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिप्पी हे राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं. भराव टाकलेला दिसला तर तारीख, वेळ आणि ठिकाण दिसेल असा फोटो काढून तहसीलदार आणि कांदळवन कक्ष दोघांनाही तक्रार द्या.

सोसायटीत कोणती झाडं लावावीत?

आधी जागा मोजा, मग नाव ठरवा. वड, पिंपळ, उंबर, काटेसावर यांना इमारतीपासून किमान १० मीटर अंतर हवं. करंज, बकुळ, ताम्हण, सीता अशोक ४-५ मीटरवर चालतात. तारांखाली कांचन, पारिजातक, कुडा. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात अर्जुन किंवा ताम्हण. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि करंज टिकतात.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: सावली हवी असते एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हा कितीतरी सुंदर झाडं निष्पर्ण असतात. बहावा, पांगारा, पळस, काटेसावर, गुलमोहर ही फुलांसाठी जरूर लावा, पण बसायच्या बाकाजवळ किंवा पश्चिमेच्या भिंतीशी नकोत. तिथे बकुळ, आंबा, जांभूळ, करंज, कडुनिंब. करंज मार्च-एप्रिलमध्ये पाने टाकतो खरा, पण लगेच पोपटी पालवीने भरून जातो.

टाळायची झाडं: कोनोकार्पस (गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली), सुबाभूळ आणि फांद्या पटकन मोडणारी इतर झपाट्याने वाढणारी झाडं. सप्तपर्णी आपलं देशी झाड आहे, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या फुलांच्या उग्र वासाचा दम्याच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो. तिच्या रांगा लावणं चूक, एखादं झाड मोकळ्या मैदानात ठीक. आणि एकाच जातीची रांग कधीच नको. मुंबईत पिठ्या ढेकणाने पर्जन्यवृक्ष वाळले तेव्हा रस्तेच्या रस्ते एकदम उघडे पडले.

रोप नेमकं कसं लावायचं?

खड्डा एप्रिल-मेमध्ये घ्या, ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. सोसायटीच्या आवारात हमखास विटांचे तुकडे, सिमेंट, टाइल निघतात. तो राडारोडा परत खड्ड्यात जाऊ देऊ नका, बाहेरून माती आणावी लागली तरी चालेल. खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या.

भरताना दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, वर एक किलो निंबोळी पेंड. शेणखत मुठीत धरलं तर भुसभुशीत लागावं आणि वास ओल्या मातीचा यावा. ताजं शेण टाकलं तर ते आत तापतं, मुळं भाजतात आणि हुमणी-वाळवी लागते.

लागवड जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस होऊन खड्ड्यातली माती खाली बसल्यावर. रोप ६ ते ८ फुटांचं, खोड अंगठ्याएवढं जाड असावं. पिशवी ब्लेडने कापून पूर्ण काढा. आता मुळांचा गोळा नीट बघा: तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर ती हाताने सोडवा, जाड वेटोळं कात्रीने कापा. हे राहून गेलं तर तेच मूळ दहा-बारा वर्षांनी खोडाला फास लावतं आणि वरून निरोगी दिसणारं झाड वाऱ्यात मुळासकट उपटतं.

खोड जिथे मुळांत पसरायला लागतं तो भाग जमिनीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. खोल गाडलेलं रोप दोन-तीन वर्षं तग धरतं आणि मग बुंध्याशी कुजतं. आधाराला दोन बांबू, दोन्ही बाजूंना, मुळांच्या गोळ्याबाहेर ठोकलेले. सुतळी, काथ्या किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी इंग्रजी आठाच्या आकारात सैल बांधा. तार कधीच नाही. वर्ष-दीड वर्षात बांबू काढा, कारण वाऱ्यात थोडं हललेलं खोडच जाड होतं.

पाणी किती आणि किती दिवस?

तीन उन्हाळे. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यापासून आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर. दुसऱ्या वर्षी आठवड्याला ३० लिटर. तिसऱ्या वर्षी दहा दिवसांनी ४० लिटर. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच्या चार बोटं मातीतच राहतात. आळं खोडाला चिकटून नको, फांद्यांच्या टोकाखाली हवं, आणि वर्ष-दोन वर्षांनी ते रुंद करत न्यायचं. पावसाळ्यात उलट, आळं मोडून बुंध्याकडे मातीची हलकी भर, म्हणजे पाणी साचणार नाही. आळ्यात तीन-चार इंच वाळका पाला पसरला की पाण्याची गरज खूप कमी होते. खोडापासून चार इंच जागा मोकळी सोडा.

बुंध्यापर्यंत काँक्रीट आलंय. काय करता येईल?

ते फोडता येतं आणि फोडलंच पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे मागणी करताना निदान तेवढं माप धरावं. मोठ्या झाडाला याहून जास्त हवं.

ब्रेकर मशीन लावू नका. छिन्नी-हातोड्याने बुंध्याकडून बाहेरच्या दिशेने फोडत जा. दोन इंचांहून जाड मूळ दिसलं तर ते कापायचं नाही. खालची माती लोखंडी पंज्याने सहा इंचांपर्यंतच मोकळी करा, दोन इंच कंपोस्ट पसरा, वर पाला. नवीन माती टाकून पातळी वाढवायचा मोह टाळा. मुळांना हवा लागते, आणि बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. मुळं झाडाच्या उंचीइतकी खोल जातात हा समज चुकीचा आहे. ती आडवी पसरतात, फांद्यांच्या पलीकडेसुद्धा.

लोखंडी जाळी खोडात रुतलेली असेल तर कटरने तुकडे करून जेवढी सुटते तेवढी काढा. आत गेलेली ओढून काढू नका, साल फाटते.

छाटणी कशी करावी?

शेंडा उडवायचा नाही. कमिटीला ते नीटनेटकं वाटतं, पण शेंडा मारला की त्या जागी झाडूसारखे दहा कोंब फुटतात. ते खोडाला वरवर चिकटलेले असतात आणि चार-पाच वर्षांनी तेच वाहनांवर पडतात.

जड फांदी तीन कापांत काढा. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या एक तृतीयांश. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे फांदी साल न ओरबाडता पडते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, फांदीच्या तळाशी जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या लगेच बाहेर. तो कंगोरा शाबूत राहिला तर जखम स्वतः भरते. वर डांबर, रंग काही लावू नका. एका वर्षात एक चतुर्थांशाहून जास्त पर्णसंभार काढू नये.

पावसाळ्यात पडणारं झाड आधी ओळखता येतं?

बरेचदा येतं. बुंध्याशी लाकडासारखी कडक अळंबी उगवणं, एका बाजूच्या मातीला भेग पडणं किंवा माती उचलली जाणं, अलीकडे वाढलेला कल, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यातली उभी चीर, ही धोक्याची लक्षणं. नुसता पोकळ बुंधा म्हणजे धोका नव्हे. जुने वड-चिंच पोकळ असूनही दशकानुदशकं उभे राहतात.

आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्या बाजूला केबल, ड्रेनेज किंवा रस्त्याचं खोदकाम झालंय का, हे विचारा. एका बाजूची मुळं तुटली की झाड विरुद्ध बाजूला, पहिल्या मोठ्या वाऱ्यात जातं. लोक दोष झाडाला देतात.

झाड तोडायला किंवा छाटायला परवानगी कोणाची?

शहरी भागात 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' लागू आहे. खासगी आवारातलं झाडसुद्धा त्यात येतं. अर्ज महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे, झाडाची जात, घेर, फोटो, जागेचा नकाशा आणि कारण जोडून. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणं हे वृक्ष प्राधिकरणाचं काम आहे, तेव्हा आपल्या झाडांचा त्यातला क्रमांक मागून घ्या.

२०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुनं झाड 'प्राचीन वृक्ष' मानलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावावी लागतात. हरकत घ्यायची असेल तर नोटिशीतल्या मुदतीत लेखी घ्या आणि पोच घ्या. "आम्हाला झाड आवडतं" असं लिहू नका. आराखड्यात कुठला बदल केला तर झाड वाचतं, ते स्केचवर दाखवा. रस्ता दोन मीटर सरकवणं, कंपाउंडची भिंत वळवणं, पार्किंगची एक जागा कमी करणं, अशा मुद्द्यांवर खरोखर झाडं वाचतात.

तोडण्याऐवजी पुनर्रोपण करतात, ते टिकतं का?

वड, पिंपळ, उंबर टिकतात. साग, जांभूळ यांसारखी सोटमूळ असलेली मोठी झाडं क्वचित. नीट करायचं तर दोन-तीन महिने आधी टप्प्याटप्प्याने मुळं कापून नवीन तंतुमुळं फुटू द्यावी लागतात, खोडाच्या व्यासाच्या आठ-दहा पट रुंद मातीचा गोळा हवा, आणि पुढे दोन वर्षं पाणी. रात्रीत जेसीबीने उपटून, सगळ्या फांद्या तासून दुसरीकडे रोवलेलं झाड महिनाभरात चार कोंब काढतं. ते खोडातल्या साठ्यावर फुटलेले असतात, त्यावरून झाड जगलं असं ठरवू नका. दोन उन्हाळे गेल्यावर मोजा.

मियावाकी चांगलं की वाईट?

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ही पद्धत, चौरस मीटरला तीन-चार रोपं. उजाड, राडारोड्याने भरलेल्या शहरी तुकड्यावर ती उपयोगी. रस्त्याच्या कडेला, गवताळ जागी किंवा जिथे आधीच झुडपं आहेत तिथे नको. माती तयार करायला खर्च जास्त येतो आणि दाट राई असल्याने खाली बसायला सावली मिळत नाही.

टेकडी उघडी दिसते, तिथे वृक्षारोपण करू का?

आधी पावसाळ्यात जाऊन बघा. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर मुळात गवत आणि विरळ झाडोरा होता. त्यावर गिरिपुष्पाची, म्हणजे उंदीरमारीची, लागवड झाली आणि तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवेना. कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मातीचा थर काही इंचांचा आहे, तिथली फुलं त्या उघड्या कातळावरच जगतात. माळरानावर खड्डे खणले तर चिंकारा, लांडगा, माळढोक यांचं घर जातं. जिथे झाड हवं तिथेही खड्ड्यांआधी वणवा आणि चराई थांबवा. पाच वर्षं जाळपट्टे (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) राखले की पक्ष्यांनी आणलेल्या बियांतून आणि जुन्या खुंटांतून कितीतरी झाडं आपसूक वर येतात, तीही तिथल्या मातीला मानवणारी.

पालापाचोळ्याचं काय करायचं? वॉचमन जाळतो.

जाळणं थांबवा. हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० रुपये दंड ठरवला. तारेच्या जाळीचा एक मीटर व्यासाचा, चार फूट उंच गोल पिंजरा करा. त्यात फूटभर पाला, वर पाण्यात कालवलेलं शेण किंवा जुन्या कंपोस्टचे दोन तांबे, पुन्हा पाला, असे थर द्या आणि पायाने दाबा. पिळलेल्या फडक्याइतकी ओल राखायची. कोरडं पडलं तर वर्षभर तसंच राहतं, भिजून चिंब झालं तर कुबट वास येतो. महिन्यातून एकदा उलथापालथ केली तर चार ते सहा महिन्यांत खत होतं. आंबा, फणस, बदामाची जाड पानं आधी तुडवून किंवा चुरून टाका. हेच खत उन्हाळा सुरू व्हायच्या आत आळ्यांत परत घाला.